केंची की फ्रिओ? ब्राझीलमधले नऊ दिवस

दिवस १, गुरुवार, साओ पावलो

बॅग आली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला, सगळे आपापल्या बॅगा घेऊन गेले आणि मी आणि एक म्हातारे काका तेवढे उरलो, मग काकांचीपण आली. फॉर्म भरून दिला. दादा (माझा मावसभाऊ, सहा वर्षं झाली इथे, आयटीवाला) बाहेर उभा, म्हणे अगं येईल दोन दिवसांत, तोवर वहिनीचे कपडे घाल, आणि आता झोपायचं नाही, आज वीस नोव्हेंबर आहे, चल.

वीस नोव्हेंबर म्हणजे काय ते मला माहीत होतं, म्हणून तर तारीख धरून तिकीट काढलेलं. १६९५ साली या दिवशी झुंबीला मारलं. पळून गेलेल्या गुलामांनी जंगलात वसवलेली पाल्मारेस नावाची वस्ती, अशा वस्तीला किलोम्बो म्हणतात, तिचा हा शेवटचा मोठा नेता. गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ ला, राजकन्येने सही केली आणि पुढे वर्षानुवर्षं तिचंच कौतुक. १९७१ मध्ये दक्षिणेतल्या पोर्तो आलेग्रीतला कवी ओलिव्हेरा सिल्व्हेरा आणि त्याच्या सोबत्यांनी म्हटलं की सही करणारीचा दिवस आम्ही का पाळायचा, लढून मेला त्याचा पाळू. देशभर सुट्टी व्हायला मात्र २०२४ उजाडलं. मी नागपूरची, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि दसऱ्याला दीक्षाभूमी हे लहानपणापासून, त्यामुळे दिलेलं वेगळं आणि मिळवलेलं वेगळं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पावलिस्ता रस्त्यावर मोर्चा. ढोल, झेंडे, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, आणि केस! एवढ्या प्रकारे बांधलेले, विणलेले, रंगवलेले केस मी एका जागी कधी पाहिले नव्हते. अर्ध्या तासात माझे डोळे मिटायला लागले. दादाने घरी नेऊन टाकलं.

दिवस २, शुक्रवार

इबिरापुएरा बागेतलं आफ्रो ब्राझील म्युझियम. मी ग्राफिक डिझायनर आहे, म्युझियममध्ये माझं लक्ष आधी अक्षरांकडे आणि पाट्यांकडे जातं, हा आजारच आहे. इथे पाट्या बघायचं सुचलंच नाही. ऑस्कार निमायरने बांधलेली भलीमोठी इमारत आणि आत खच्चून भरलेल्या वस्तू, मोकळी भिंत म्हणून नाही. मधोमध एका गुलामवाहू जहाजाचा लाकडी सांगाडा. पांढऱ्या भिंतीवर एकच चित्र टांगायचं ही जी आपली आर्ट गॅलरीची कल्पना असते ना, ती इथे पार मोडीत काढलीये. काढणारा माणूस एमानोएल आराउजो, बाइया राज्यातल्या सांतो आमारोचा, स्वतः शिल्पकार. आयुष्यभर गोळा केलेलं घेऊन २००४ मध्ये त्याने हे उभं केलं आणि २०२२ मध्ये जाईपर्यंत सांभाळलं. मला वाटतं तो म्हणत असणार की एवढी वर्षं जागा दिली नाहीत ना, मग आता मी सगळंच लावतो, बघा बसून.

एस्तेव्हाओ सिल्व्हा, एकोणिसाव्या शतकातला काळा चित्रकार, फळं काढायचा, म्हणजे कलिंगड असं की हात पुढे जातो. त्याची गोष्ट दादाने सांगितली. सरकारी कला अकादमीच्या बक्षीस समारंभात आपल्याला हक्काचं बक्षीस नाही हे कळल्यावर हा बादशहा दुसरा पेद्रो समोर बसलेला असताना मोठ्याने म्हणाला, मी नाकारतो! आणि निलंबित झाला. ते कलिंगड मी परत जाऊन बघितलं.

वर मेस्त्री जिजीची शिल्पं. हा कांदोम्ब्लेचा पुजारी. कांदोम्ब्ले म्हणजे गुलामांनी आफ्रिकेतून आणलेला धर्म, देवांना ओरिशा म्हणतात. ताडाच्या पानाच्या शिरा, चामडं, कवड्या आणि मणी, एवढंच सामान. एकेक उभं शिल्प सापासारखं वळत वर जातं. मी विचारलं ही पूजेची वस्तू की कला, तर दादा म्हणाला हा प्रश्न फक्त आपल्याला पडतो, त्याला नव्हता पडलेला. आतल्या लायब्ररीला कारोलिना मारिया जी जेझुसचं नाव आहे. ही बाई याच शहरात कानिंदेच्या झोपडपट्टीत राहायची, रद्दी कागद वेचून तीन पोरं पोसायची आणि त्याच रद्दीत सापडलेल्या वह्यांमध्ये डायरी लिहायची. १९६० ला छापली आणि तुफान खपली.

बाहेर पुस्तकांच्या दुकानात मॅक्सवेल आलेशांद्रीच्या कामाचा कॅटलॉग चाळला. रिओच्या रोसिन्या वस्तीतला पोरगा, १९९० चा जन्म. तो काळी माणसं रंगवतो पार्दो कागदावर. आपण पार्सलला वापरतो तो खाकी कागद, त्याला तिथे पार्दो म्हणतात. आणि जनगणनेत सावळ्या, मिश्र माणसाचा जो रकाना असतो त्याचंही नाव पार्दो! २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला पार्दो म्हटलंय, १०.२ टक्क्यांनी प्रेतो म्हणजे काळा आणि ४३.५ टक्क्यांनी गोरा. चळवळवाले म्हणतात पार्दो आणि प्रेतो मिळून नेग्रो, एकच समाज, म्हणजे देशातले निम्म्याहून जास्त. पण कित्येक लोक पार्दो या शब्दाआड लपून काळं म्हणवून घ्यायचं टाळत आले. आता या पोराने त्याच कागदावर काळे लोक काढले, हातात ट्रॉफ्या, अंगावर भारी कपडे. डिझायनर म्हणून मला इतका हेवा वाटला की विचारू नका. कागदाची निवड हेच अर्धं चित्र.

दिवस ३, शनिवार

पिनाकोतेका म्युझियम, शनिवारी फुकट. मला एकच काम बघायचं होतं, रोझाना पाउलिनोची आठवणींची भिंत. लांबून बघितलं तर वाटतं लहान लहान उशा लावल्यात. त्या पातुआ, म्हणजे गळ्यात घालायच्या ताईताच्या कापडी पुड्या, जवळपास दीड हजार, आणि प्रत्येकीवर तिच्या घरातल्या माणसांचे जुने फोटो छापलेले. फोटो मुळात अकराच. तेच अकरा परत परत, कडेला हाताने घातलेले टाके. मी पहिल्यांदा मोजायला गेले, मग सोडून दिलं. एक बाई समोर उभी राहून आपल्या मुलीला दाखवत होती, ही आजीसारखी दिसते ना, ही आत्यासारखी. ती काही रोझानाची नातेवाईक नव्हती.

तिचं दुसरं एक काम, १९९७ चं, मी फोटोतच पाहिलंय. भरतकामाच्या गोल चौकटीत ताणलेलं कापड, त्यावर काळ्या बायकांचे फोटो, आणि कुणाचं तोंड, कुणाचे डोळे, कुणाचा गळा जाड काळ्या दोऱ्याने शिवून टाकलेला. नाजूक भरतकाम नाही, पोतं शिवल्यासारखे टाके. नाव बास्तिदोरेस, पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ भरतकामाच्या चौकटीही होतो आणि नाटकाच्या विंगाही, म्हणजे जिथे माणसं दिसत नाहीत ती जागा. माझी आजी दुसऱ्यांच्या घरी गोधड्या शिवायची, ते आठवलं.

संध्याकाळी म्युनिसिपल थिएटरच्या पायऱ्यांवर बसून पाव खाल्ला (पाव हा शब्द आपण यांच्याकडूनच घेतला, चावीपण, साबणपण, पगारसुद्धा). ७ जुलै १९७८ ला, लष्करी राजवट चालू असताना, याच पायऱ्यांवर जमून लोकांनी काळ्यांची एकत्र चळवळ जाहीर केली. २०१९ च्या नोव्हेंबरात एमिसिदा या रॅपरने याच थिएटरच्या आत कार्यक्रम केला आणि त्या वेळच्या जुन्या कार्यकर्त्यांना प्रेक्षकांत बसवून त्यांची नावं घेतली. बाहेरच्या पायऱ्यांपासून आतल्या खुर्चीपर्यंत ४१ वर्षं. आपल्याकडे पँथर १९७२ ची, मी दादाला म्हटलं आपण सहा वर्षं आधी, तर तो म्हणे याची काय शर्यत आहे का.

घरी आले तर बॅग आलेली! एक चाक गायब.

दिवस ४ आणि ५, रविवार-सोमवार, रिओ

रिओचा समुद्र वगैरे तुम्हाला इतरांच्या लेखांत भरपूर मिळेल, मी कोपाकबानाला वीस मिनिटं होते आणि तेवढ्यात नाक भाजलं.

व्हालोंगोचा धक्का. रस्त्याच्या कडेला एक खड्डा, खाली दगडी फरसबंदी. बस. १८११ पासून इथे उतरवलेल्या आफ्रिकी लोकांची संख्या अंदाजे ९ लाख धरतात. १८४३ मध्ये एक राणी येणार म्हणून त्यावर नवा छान धक्का बांधून हा गाडून टाकला, आणि २०११ ला बंदराचं काम काढलं तेव्हा खोदताना परत वर आला. २०१७ ला जागतिक वारशात. मी कॅमेरा काढला आणि परत ठेवला, कारण दगडांचा फोटो काढून त्यात काय दिसणार होतं.

जवळच लार्गो दा प्राइन्या चौकात मर्सेदेस बाप्तिस्ताचा पुतळा, १९४८ मध्ये रिओच्या म्युनिसिपल थिएटरच्या बॅलेत आलेली पहिली काळी नर्तिका. त्याच भागात कोन्सेइसाओ एव्हारिस्तो या लेखिकेने २०२३ मध्ये आपली पुस्तकं, कागदपत्रं लोकांसाठी खुली करणारं घर उघडलं. त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. १९४६ चा जन्म, बेलो ओरिझाँचीच्या झोपडपट्टीतला, लोकांकडे घरकाम करत शिकल्या, पुढे डॉक्टरेट. त्यांनी एक शब्द बनवला, एस्क्रेव्हिव्हेन्सिया, लिहिणं आणि जगणं एकात मिसळून. म्हणजे गोऱ्या मालकांच्या पोरांना झोपवायला काळ्या दाईने सांगायच्या गोष्टी नव्हेत, तर त्या मालकांची झोप उडवणारं लिहिणं, असं त्यांचं म्हणणं. मराठी माणसाला हे वाचून दलित आत्मकथनं आठवली नाहीत तरच नवल. २०१८ मध्ये त्या ब्राझीलच्या साहित्य अकादमीसाठी उभ्या राहिल्या, लोकांनी सह्यांची मोहीम काढली, मतं पडली एक. गंमत बघा, ही अकादमी १८९७ ला स्थापली तिचा पहिला अध्यक्ष माशादो जी आसिस, मुक्त झालेल्या गुलामांचा नातू! त्याचे फोटो मात्र पुस्तकांत असे उजळ करून छापले की पिढ्यान्‌पिढ्या पोरांना तो गोराच वाटायचा, शेवटी २०१९ ला एका कॉलेजने त्याचा फोटो खऱ्या रंगात छापून, जुन्यावर चिकटवा म्हणून वाटला. आणि २०२५ च्या जुलैत आना मारिया गोन्साल्व्हेस ही कादंबरीकार अकादमीत निवडून आली, पहिली काळी बाई. १२८ वर्षं लागली.

सोमवारी रात्री पेद्रा दो साल, दगडात कोरलेल्या पायऱ्या आणि खाली टेबलाभोवती बसलेले सांबावाले. स्टेज नाही. वाजवणारे मध्ये आणि ऐकणारे सगळीकडून, आपल्या भजनाच्या फडासारखं. पाऊस आला, कुणी हललं नाही, मीपण नाही.

दिवस ६, मंगळवार, साल्व्हादोर

सकाळचं विमान. दादा परत साओ पावलोला, मी एकटी, पोर्तुगीज दहा शब्द. जिथे उतरले तिथली ताई म्हणाली आज घर रिकामं आहे कारण निम्म्या मैत्रिणी बस करून ब्राझीलियाला गेल्यात, काळ्या बायकांचा राष्ट्रीय मोर्चा आहे, आधीचा २०१५ ला झाला होता. आणि तू? तर ती म्हणे कुणीतरी तुमच्यासारख्यांना चावी द्यायला नको का. चावी हा शब्द तिने 'शावी' म्हटला आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

साल्व्हादोर १५४९ चं, १७६३ पर्यंत देशाची राजधानी. जुन्या भागाचं नाव पेलोरिन्यो, म्हणजे फटके मारायचा खांब. आता तिथे रंगीबेरंगी घरं आणि दुकानं, मोठे घेरदार पांढरे झगे घालून फोटोसाठी उभ्या असलेल्या बायका, फोटोचे पैसे ठरलेले. मला आधी ते खटकलं आणि मग वाटलं का खटकावं, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी फुकट काढले की यांचे फोटो.

संध्याकाळी सहाला निळ्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी. चर्चचं नाव काळ्यांची रोझारिओ माता. अठराव्या शतकात काळ्या लोकांच्या संघाने स्वतःसाठी बांधलं, दिवसभर मालकाचं काम आणि रात्री हे, त्यामुळे पूर्ण व्हायला शंभरेक वर्षं. मिस्सा पोर्तुगीजमध्ये, पण वाजतात आताबाके, कांदोम्ब्लेचे उभे ढोल, आणि पावाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन लोक नाचत वेदीकडे येतात. शेजारच्या आजींनी माझ्या हातात पाव दिला. कोण, कुठली, काही विचारलं नाही.

बाहेर आले आणि पहिला अकाराजे. तर हा अकाराजे म्हणजे चक्क चवळीचा वडा आहे हो! चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, कांदा घालून दणादण फेटायची आणि देंदे म्हणजे लालभडक ताडतेलात तळायची, मग वडा चिरून आत व्हातापा नावाचं घट्ट सारण, सुकी कोळंबी. विकणाऱ्या त्या बाइआना. गुलामीच्या काळापासून बायकांनी यावर घरं चालवली, काहींनी स्वातंत्र्य विकत घेतलं, आणि २००५ पासून या धंद्याची नोंद देशाच्या वारशात आहे. वादळाची देवी इयांसां, तिचा हा नैवेद्य. बाइआनाने विचारलं, "केंची की फ्रिओ?" गरम की गार. मी म्हटलं केंची, गार वडा कोण खाणार. तिने आत भसकन मिरचीचं वाटण घातलं. इथे गरम म्हणजे तिखट! ती माझ्याकडे बघत थांबली, आता ही परदेशी बाई नाचणार म्हणून. सावजी रस्सा खाऊन वाढलेली पोर मी, शांतपणे संपवला. ती खो खो हसली. फोटो काढू का विचारलं तर म्हणाली, आधी खा.

दिवस ७, बुधवार

आज जे झालं ते अजून डोक्यात नीट बसलेलं नाही. पेलोरिन्योतल्या गल्लीत फिल्योस जी गांधी या मंडळाचं ऑफिस. गांधींची मुलं. फेब्रुवारी १९४९ मध्ये गोदी कामगारांनी काढलेलं कार्निव्हलचं मंडळ. युनियनवर सरकारची नजर, खिशात पैसे नाहीत, पोलीस कशावरूनही अडवायचे, मग वर्षभरापूर्वीच मारल्या गेलेल्या शांततेच्या माणसाचं नाव घेतलं, स्पेलिंगमध्ये शेवटी आयच्या जागी वाय टाकला. पांढरे कपडे, निळेपांढरे मणी, लव्हेंडरचं अत्तर आणि डोक्याला टॉवेलचा फेटा. चाल कांदोम्ब्लेची, देव ओशाला, आणि वर नाव गांधी. फक्त पुरुष. सत्तरच्या दशकात मंडळ बंद पडायला आलं तेव्हा गायक जिल्बेर्तो जिल त्यात शिरला आणि परत उभं राहिलं.

तिथले एक काका, इंडिया ऐकल्यावर उठून उभेच राहिले, मिठी मारली, गळ्यात मण्यांची माळ घातली. गांधींची बहीण आली म्हणून दोन जणांना बोलावलं. आणि मी? माझ्या घरात भिंतीवर बाबासाहेब. पुणे करार म्हटलं की आजोबांचा आवाज चढायचा. आणि गांधींनी तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांबद्दल काय काय लिहिलं तेही मी वाचलेलं. दहा शब्दांच्या पोर्तुगीजमध्ये हे कसं सांगू, आणि सांगायचं तरी का? तो फेटा बघत बसले. असा फेटा गांधींनी कधी बांधला नाही, हा गोदीत घाम पुसायच्या टॉवेलचा आहे. या लोकांनी त्यांना हवा तसा गांधी घडवला, आणि तो घडवताना आमच्यापैकी कुणाला विचारलं नाही. आठवडाभर मी त्यांची ओळख बघत फिरत होते, आणि इथे मीच कुणाच्या तरी चित्रातली इंडिया झाले. माळ काढली नाही. काकांनी कॉफी दिली, पाकात बुडवल्यासारखी गोड.

दुपारी आफ्रो-ब्राझिलियन संस्कृतीचं राष्ट्रीय म्युझियम, २०२३ ला परत उघडलेलं, चांगलं आहे पण माझं लक्ष नव्हतं.

दिवस ८, गुरुवार, कुरुझू

पर्यटक येत नाहीत असा चढ. लिबेरदाजी भागातली कुरुझूची गल्ली, दोन्ही बाजूंना केसांची दुकानं, मोबाइल रिपेअर, आणि वर इले आइये या कार्निव्हल मंडळाची इमारत. स्थापना १९७४. तोवर कार्निव्हलच्या मोठ्या मंडळांत काळ्यांना जागा कुठे, तर दोर धरायला. पैसेवाले दोराच्या आत नाचणार आणि दोर धरून गर्दी अडवणारे बाहेर. तेव्हा या गल्लीतल्या पोरांनी, त्यात व्होव्हो म्हणून ओळखले जाणारे पुढारी, ठरवलं आपलं मंडळ आणि आत फक्त काळे लोक. व्होव्होंची आई माय इल्दा, कांदोम्ब्लेच्या पुजारीण, त्यांनी आशीर्वाद आणि घर दोन्ही दिलं. १९७५ ला पहिली मिरवणूक निघाली तर मोठ्या पेपरने छापलं, वर्णद्वेषी मंडळ. ज्यांनी कधी आत घेतलं नाही ते म्हणतात आम्हाला का घेत नाही. हे आपल्याकडे मी इतक्या वेळा ऐकलंय की हसूच आलं.

पण माझा जीव अडकला तो कापडात. दर वर्षी कार्निव्हलचा एक विषय, आफ्रिकेतला एखादा देश नाहीतर इथलंच एखादं बंड, आणि त्या विषयाचं कापड छापतात, पिवळा, लाल, काळा, पांढरा. काळा कातडीचा, लाल सांडलेल्या रक्ताचा, पिवळा संपत्तीचा, पांढरा शांततेचा. जे. कुन्या या चित्रकाराने पंचवीस वर्षं ही कापडं काढली. शाळेच्या पुस्तकात आफ्रिकेचा इतिहास शिकवायचा कायदा आला २००३ ला, आणि ही गल्ली तोच इतिहास १९७५ पासून अंगावर गुंडाळून रस्त्यावर नाचतेय. मी चार रंगांत काम करायला मिळालं की क्लायंटकडे कुरकुर करणारी बाई. इथे तासभर एका जुन्या कापडाच्या किनारीकडे बघत बसले, अक्षरं आणि आकृती एकमेकांत कशा बसवल्यात ते.

दरवर्षी काळ्या सौंदर्याची रात्र असते, राणी निवडतात तिला आबनूसची देवी म्हणतात, मोजमाप वगैरे काही नाही, नाचावर ठरतं. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशींनी डोक्याला कापड बांधून दाखवू का विचारलं. मी म्हटलं मावशी माझ्या नको, तुमच्याच बांधा, मी बघते. तीन वळसे, एक गाठ, दहा सेकंद. मला दोनदा बघूनही कळलं नाही.

दिवस ९, शुक्रवार

शुक्रवार ओशालाचा, अर्धं शहर पांढऱ्यात. बॅंकेतला माणूस पांढऱ्यात, बस ड्रायव्हर पांढऱ्यात. माझ्याकडे दीक्षाभूमीला घालते तो पांढरा कुर्ता होता, तोच घातला.

समुद्राकाठच्या जुन्या साखर कोठारात मॉडर्न आर्ट म्युझियम आहे, तिथे रुबें व्हालेंतींचं दालन. १९२२ ला इथेच जन्म, शिकला दंतवैद्य, झाला चित्रकार. ओरिशांची चिन्हं, शांगोची दुधारी कुऱ्हाड वगैरे, घेऊन त्याने इतकी साफ भूमिती केली की सगळं लोगोसारखं वाटतं. त्याचं ओशालाचं मंदिर म्हणजे नुसती पांढरी लाकडी उभारणी, रांगेत, एकही रंग नाही. पांढरा कुर्ता घालून मी त्यांच्यामध्ये उभी, आणि रखवालदार बाईसुद्धा पांढऱ्यात. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, मीपण हलवली.

रात्रीचं विमान, म्हणून संध्याकाळी पुन्हा त्याच बाइआनाकडे. चाक नसलेली बॅग दगडी रस्त्यावर फरफटत, आवाज असा की लोक वळून बघत होते. रांग होती. पुढच्या प्रत्येकाला ती विचारत होती केंची की फ्रिओ, केंची की फ्रिओ. माझी पाळी आली, तिने वर बघितलं, काही विचारलं नाही, दोन चमचे मिरची घातली.

मग म्हणाली, आता काढ फोटो. फोनची बॅटरी संपलेली.

शेजारच्या पोराने त्याच्या फोनमध्ये काढला, आम्हा दोघींचा. पाठवतो म्हणाला, नंबर लिहून घेतलाय, अजून आला नाही.